भाऊजींचं सायकल ठरवणं

सासऱ्याकडे सायकल मागून, आणि सासरा ती द्यायला एका पायावर तयार असताना, वर्षानुवर्षं ती न घेणारा जावई साऱ्या वऱ्हाडात एकच झाला असेल आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. आमच्या भागात त्या काळी जावई सायकलीसाठी रुसायचे, रेडिओसाठी रुसायचे, घड्याळ मिळालं तरी पट्टा चामड्याचा नाही म्हणून बायकोला माहेरी आणून सोडायचे. सासरेही काही कमी नसत. ते पुढच्या कापसावर ढकलायचे, बाजारात समोरून जावई येताना दिसला की भांड्यांच्या दुकानात शिरून नको असलेल्या पातेल्याचा भाव विचारत बसायचे. आमच्या घरी मात्र सगळा उलटा कारभार होता. इथं सासरा जावयाच्या मागे लागलेला आणि जावई त्याला हात जोडून थोपवतोय. हे जावई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी. सत्तरच्या दशकात ते शिरपूरला ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. शिरपूरपासून आमचं गाव पायी तासाभराच्या वाटेवर. आसपासच्या खेड्यांत जाऊन बैलांना लस टोचणं, गाईंच्या खुरांना औषध लावणं ही त्यांची नोकरी, आणि ती ते सगळी पायी करायचे. म्हणजे सायकलीची गरज असलेला माणूस शोधायला निघालं असतं तरी यांच्याहून योग्य माणूस मिळाला नसता.

झालं होतं असं, की लग्नाच्या पंगतीत नवरदेवानं रुसायचं असतं. ताटं वाढलेली असतात, नवरदेव हात आखडून बसतो, सासरा येऊन काय हवं ते विचारतो, कबूल करतो आणि मग सगळे जेवायला मोकळे होतात. भाऊजींच्या अंगात रुसणं मुळीच नव्हतं. पण त्यांच्या मित्रांनी त्यांना पढवून ठेवलं होतं, म्हणून ते बिचारे मान खाली घालून, वरणाकडे बघत, जमेल तसे रुसून बसले. बाबा आले. काय पाहिजे म्हणाले. भाऊजी म्हणाले, सायकल. बाबा म्हणाले, दिली. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पंगतीतल्या कुणा हौशी पाहुण्यानं मध्येच विचारलं, "साधी का भारी?" आणि वरणभाताकडे निघालेला भाऊजींचा हात वाटेतच थांबला. साऱ्या पंगतीनं श्वास रोखला, कारण नवरदेवानं घास घेतल्याशिवाय कुणाला घास घेता येत नव्हता. भाऊजींनी बराच वेळ विचार केला. बायकांनी दोनदा वरण नेऊन गरम करून आणलं. शेवटी ते बाबांना अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "मामाजी, इचार करून सांगतो."

दुसरा कुणी सासरा असता तर मनातल्या मनात हसला असता. आमचे बाबा तसे नव्हते. बाबांची जमीन बेताची, बोलणंही बेताचं, पण बोललेलं खाली पडू द्यायचं नाही हा त्यांचा एकच मोठेपणा होता आणि तो त्यांनी जन्मभर जपला होता. ते पंगतीच्या मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमी जे सांगसान थे, आन् जवा सांगसान तवा. पंचायसमोर सबद देल्ला." मग भाऊजी पोटभर जेवले. वराती मंडळीही जेवली. बाबांचा शब्द मात्र त्या मांडवात जो अडकला तो अडकलाच.

भाऊजींना ओळखणाऱ्या माणसाला यात नवल वाटलं नसतं. बसस्टँडवरच्या हॉटेलात त्यांना आलुबोंडा घ्यावा की भजी, हे ठरवायला इतका वेळ लागे की तोवर दोन्ही संपून कढई उतरलेली असे, आणि मग ते सुटका झाल्यासारखे नुसता चहा पिऊन निघत. शिंप्याकडे कापड नेऊन टाकलं की कॉलर गोल की टोकदार याचा निरोप पाठवायला ते विसरत नसत, पण रोज नवा पाठवत. शिंपी शेवटी आपल्या मनानं शिवून टाकी आणि भाऊजी त्या शर्टाला फार जपत, कारण त्यात त्यांचा काही दोष नसे. माझ्या भाचीची नावं तर बारशाला दोन ठेवलेली. दोन्ही पाळण्यात म्हटली गेली. यातलं एक महिन्याभरात नक्की करू असं भाऊजी म्हणाले, आणि ती शाळेत जायच्या वयाची झाली तरी साऱ्या घरात तिला 'बाई' एवढंच नाव होतं. ताईनं एके दिवशी परस्पर शाळेत जाऊन त्यातलं एक लिहून टाकलं. भाऊजी तिला काही बोलले नाहीत. फक्त पुढं कित्येक दिवस ते त्या दुसऱ्या नावाबद्दल हळहळत होते, की तेही बिचारं चांगलं होतं.

त्यांच्या स्वभावाची किल्ली इथंच आहे असं मला वाटतं. आपण चुकीची वस्तू निवडू अशी भीती त्यांना नव्हती. आपण जी निवडणार नाही तिच्यावर अन्याय होईल ही त्यांची भीती होती. म्हणून ते कुठल्याही वस्तूला 'नको' म्हणू शकत नसत, आणि 'नको' म्हणता येत नाही त्याला 'हवी' म्हणताही येत नाही.

मी त्या वेळी वाशीमला कॉलेजात होतो, त्यामुळे सायकलीच्या दुकानाशी वाटाघाटी करण्याचं काम आपोआपच माझ्या गळ्यात पडलं. दुकानात दोन सायकली समोरासमोर उभ्या असत. एक साधी, काळी, डबल डंड्याची, जाड टायरची, मागं ओझं ठेवायचं लोखंडी कॅरेज, आणि इतकी जड की ती उचलताना माणूस आधी धोतर नाहीतर पँट आवरून घेई. दुसरी भारी, हिरवीगार, बारीक चाकांची, तीन गिअरची, पुढं डायनामोचा दिवा, हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळवलेलं. हिला मागं कॅरेज नव्हतं, कारण असल्या गाडीवर माणसानं एकट्यानंच बसायचं असतं असं दुकानदाराचं म्हणणं पडलं. ही गाडी वाशीममध्ये फक्त दोघांकडे होती, हेही तो प्रत्येक वेळी सांगे आणि ते दोघे कोण हे प्रत्येक वेळी वेगळं सांगे.

भाऊजी महिन्यातून एकदा तरी एसटीनं वाशीमला येत आणि मला घेऊन दुकानात जात. ढोरांच्या दवाखान्यातला माणूस, त्यामुळे त्यांची पारख बैलबाजारातली. आधी ते लांब उभे राहून सायकलीची ठेवण बघत. मग तिला चालवून दाखवायला सांगत, म्हणजे मी ती हातात धरून दुकानासमोर इकडून तिकडे न्यायची आणि ते मागून चाल बघणार. मग जवळ येऊन चाकं दाबून बघत, मागचं चाक उचलून गरकन फिरवत आणि त्याला कान लावून बसत. एकदा मी थट्टेनं म्हणालो की भाऊजी, दात बघायचे राहिले. तर ते गंभीरपणे म्हणाले, पाहिले, आणि चेनचक्राकडे बोट दाखवलं. साध्या सायकलीचे गुण सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. ही चिखलात रुतणार नाही, कापसाचं बोचकं टाकलं तरी कुरकुरणार नाही, खेड्यातला लोहारही हिला दुरुस्त करील. एवढं बोलून झालं की त्यांची नजर हिरवीकडे जाई आणि त्यांना अपराधी वाटू लागे. मग तेवढाच वेळ ते हिरवीचं कौतुक करत. चढावर दम लागणार नाही, रात्री कुण्या गावी ढोर अडलं तर डायनामोच्या उजेडात पोचता येईल, आणि दिसतेही चांगली. दुकानदार सुरुवातीला आम्हाला स्टूल द्यायचा. पुढं पुढं त्यानं आम्हाला गिऱ्हाईक समजणं सोडून दिलं आणि दुकान सांभाळायला बसवून तो जेवायला जाऊ लागला. भाऊजींनी त्याच्या गैरहजेरीत दोन-तीन सायकली विकल्याचंही मला आठवतं. दुसऱ्याला कुठली घ्यावी हे ते एका मिनिटात सांगत.

एकदा बाबाच वैतागून सोबत आले. त्यांनी ठरवलं होतं की आज सौदा करून टाकायचा, जावई काय म्हणतील ते म्हणोत. बाबांना सौदा एकाच पद्धतीनं करता येत होता. त्यांनी दुकानदाराचा हात धरला, त्यावर आपला शेला टाकला आणि बैलबाजारात करतात तसा शेल्याखाली त्याची बोटं दाबून भाव सांगायला सुरुवात केली. दुकानदार घाबरला. आपला हात का धरलाय आणि वर कापड का घातलंय हे त्याला कळेना, आणि बाबांना वाटलं की तो मुकाट्यानं भाव ऐकून घेतोय म्हणजे पक्का व्यापारी आहे. भाऊजींनी मध्ये पडून दोघांना सोडवलं. मग दुकानदारानं बाबांना चहा पाजला आणि नरमाईनं विचारलं की यातली कुठली द्यायची. बाबांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी दोन्ही सायकलींकडे पाहिलं. आम्ही संध्याकाळच्या एसटीनं परत आलो.

आता हे सगळं ऐकताना हसू येतं, पण बाबांना ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. शब्द मांडवात दिलेला होता, म्हणजे गावाला ठाऊक होता, आणि भाऊजी अजून पायी फिरताना गावाला रोज दिसत होते. यातून गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. पारावरची माणसं बाबांना बघून विचारायची, जवायाची सायकल कुठवर आली, अकोल्यापर्यंत तरी पोचली का. बाबा काय सांगणार? मी देतोय पण तेच घेत नाहीत, हे खरं होतं आणि त्यावर कुणीही विश्वास ठेवला नसता. बाबांच्या चुलतभावाच्या घरी लग्न होतं, तिथं पंगतीत नवरदेव रुसला तेव्हा ते चुलते सगळ्यांदेखत बाबांकडे बघत म्हणाले, की आमच्या घरी सबद देला का वस्तू संगच देतेत. बाबांनी त्या पंगतीत हात धुतले आणि उठून आले. मायनं घरी भाकर केली ती पण खाल्ली नाही. ताईला हे कळलं तेव्हा ती भाऊजींवर फार चिडली. मले सायकल नको, तुमाले नको, पन माह्या बापाची मान खाली कायले घालून राह्यले, असं ती म्हणाली. भाऊजी दोन दिवस सुन्न होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला निरोप धाडला की आपण लवकरच या गोष्टीचा काय तो निकाल शास्त्रशुद्ध पद्धतीनं लावू.

तो योग आमच्या शेजारच्या मालेगावात आला. तिथल्या हायस्कुलात एक नवे ड्रिलमास्तर आले होते आणि त्यांच्या अंगात उत्साह मावत नव्हता. त्यांनी सव्वीस जानेवारीला मोठ्या माणसांसाठी तिहेरी शर्यत जाहीर केली. आधी तलाव पोहून पार करायचा, मग सायकलवर बसून शिरपूरच्या रस्त्यानं फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं आणि शेवटी पळत गावाला वळसा घालून शाळेच्या मैदानात यायचं. भाऊजींनी नाव दिलं. भाऊजी पोहण्यात पटाईत होते, लहानपणापासून विहिरीत उड्या मारलेल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी तर तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं की जावईबापू ज्या सायकलीवर जिंकतील ती सायकल मी दुसऱ्या दिवशी घेऊन देईन. एवढंच नाही, बाबा शर्यतीच्या सकाळी झेंडूचा हार घेऊन मैदानात येऊन बसले. मायनं पाठवलेल्या दशम्याही त्यांनी जिंकल्यावरच सोडायच्या म्हणून तशाच ठेवल्या.

थंडी कडाक्याची होती. निम्मे गडी तलावात पाय घालून परत आले. भाऊजी मात्र पाण्यात शिरले ते पार पलीकडे जाऊन निघाले, आणि बाकीचे मधोमध हातपाय मारत असताना हे ओल्या अंगानं सायकलवर बसलेही होते. सायकल हिरवी, भारी. त्यांच्या डॉक्टरसाहेबांनी नागपूरहून तशीच आणली होती, ती भाऊजींनी एका दिवसासाठी मागून घेतली होती. ते मैदानाजवळून गेले तेव्हा मागं कुणी दिसतही नव्हतं. बाबा उभे राहिले. मला म्हणाले, हिरवीच ठरली म्हनायची.

पुढं काय झालं ते आम्हाला फाट्यावरच्या हॉटेलवाल्याकडून कळलं. भाऊजी सगळ्यांच्या कितीतरी आधी फाट्यावर पोचले. तिथं हॉटेलच्या भिंतीला त्यांनी आदल्या दिवशीच एक साधी, काळी सायकल भाड्यानं आणून टेकवून ठेवली होती. जाताना भारी आणि येताना साधी, म्हणजे एकाच रस्त्यावर दोघींची परीक्षा होईल, असा तो शास्त्रशुद्ध बेत. हिरवीवरून ते उतरले, काळीजवळ गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला दम लागलेला आहे. आता दमलेल्या अवस्थेत काळीवर बसलं तर तिच्यावर अन्याय होणार. हिरवीवर आपण ताजेतवाने बसलो होतो. म्हणून भाऊजी हॉटेलच्या बाकावर बसले. पाणी प्यायले. अंग कोरडं केलं. मागून गडी येत होते, फाट्याला वळसा घालून परत जात होते, भाऊजी प्रत्येकाला हात करत होते. हॉटेलवाला त्यांना म्हणाला, अहो उठा. तर ते मनगटावर बोट ठेवून नाडी बघत होते, आणि म्हणाले, अजून जरा चढी आहे. ती पार उतरल्यावरच ते काळीवर बसले. मैदानात पोचले तेव्हा बक्षीस वाटून झालं होतं, राष्ट्रगीत होऊन गेलं होतं आणि ड्रिलमास्तर रस्ता दाखवणाऱ्या फळ्या गोळा करत होते.

बाबांनी हार गळ्यात घातला नाही आणि टाकलाही नाही, तसाच पिशवीत ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं, मंग काय ठरलं जवाईबापू. भाऊजींचा चेहरा खरोखर पडलेला होता, पण शर्यत हरल्यामुळे नव्हे. ते म्हणाले, "मामाजी, जातानी वारं समोरून होतं आन् येतानी पाठीवून. बरोबरी झालीच नाई. पुढच्या सालाले उलटं करून पाहा लागते." बाबा परतीच्या एसटीत गाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढच्या साली ड्रिलमास्तरांची बदली झाली, त्यामुळे ती परीक्षा झालीच नाही. त्याच पावसाळ्यात बाबांचे गुडघे गेले. आधी दुखत होते, मग सुजायला लागले, आणि दिवाळीच्या सुमारास ते वेशीपलीकडे चालेनासे झाले. आमचं वावर नाल्याच्या पलीकडे, चांगलं दूर. बैलगाडी जुंपून न्यायचं म्हटलं तर बैल कामावर. बाबा ओट्यावर बसून राहायचे. इतक्या वर्षांत घरी आलेला कापूस बाबांनी आधी बोंडात असताना पाहिला नाही, असं कधी झालं नव्हतं. आता ते वावरातून येणाऱ्या प्रत्येक माणसाला थांबवून विचारायचे, बोंडं फुटली का, खालच्या पट्टीत लाल्या रोग आलाय का, पाखरं किती आहेत. माणसं घाईत असत, फुटली फुटली म्हणून पुढं जात. बाबांना ते उत्तर पुरत नसे. पण दुसरं विचारणार कुणाला?

एका रविवारी भाऊजी आणि ताई आले होते. मीही सुट्टीला घरी होतो. भाऊजी ओट्यावर बाबांच्या शेजारी बसलेले. समोरून एक बाई डोक्यावर वेचणीचं गाठोडं घेऊन चालली होती. बाबांनी तिला थांबवलं, गाठोड्यातला कापूस चिमटीनं काढून तळहातावर घेतला आणि तो नुसता बघत बसले. ती बाई अवघडून उभी राहिली. भाऊजी हे सगळं पाहत होते. ती गेल्यावर बाबा कापूस मुठीत धरून म्हणाले, "जवाईबापू, आता तरी सांगा. सबद डोक्यावर घेऊन मले जायचं नाई." ते काही रागानं म्हणाले नाहीत. मलाच ऐकवेना, मी आत निघालो होतो.

मग भाऊजींनी एक विचित्र प्रश्न विचारला. "मामाजी, तुमी मांगं बसतानी दोनी पाय एकाच अंगाले सोडसान का दोन अंगाले?" बाबांना काही कळेना. कशाच्या मागं, म्हणाले. सायकलीच्या, भाऊजी म्हणाले. बाबा जन्मात सायकलवर बसले नव्हते, तरी त्यांनी या प्रश्नाचा नीट विचार केला आणि सांगितलं की धोतर असल्यानं एकाच अंगाला बरं. "मंग झालं," भाऊजी म्हणाले. "साधी. काळी. डबल डंड्याची. मांगचं कॅरेज भक्कम पाह्यजे." इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते उत्तर ओट्यावर असं सहज येऊन पडलं आणि आम्हा कुणाला त्याचं काय करावं हे सुचलं नाही. ताई चौकटीत येऊन उभी राहिली होती.

आणि आता बाबाच बिथरले. साधी का म्हणून? इतक्या वर्षांनी द्यायची आणि साधी द्यायची? गाव म्हणेल, सासऱ्यानं थकवून थकवून शेवटी हलक्यावर भागवलं. हिरवीच घ्यायची, तीन गिअरची, वाशीममध्ये दोघांकडेच आहे ती. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. एरवी असं कुणी हिरवीची बाजू मांडली असती तर भाऊजी पुन्हा दोन वर्षं विचारात पडले असते. त्या दिवशी ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मी जे सांगीन थे देतो म्हनले होते तुमी. पंचायसमोर. मी सांगून राह्यलो. आता सबद फिरवता काय मामाजी?" ज्या शब्दानं बाबांना इतकी वर्षं छळलं होतं त्यानंच त्यांना आता धरून बसवलं. त्यांनी मूठ उघडली, कापूस धोतरावर पुसून टाकला आणि मायला म्हणाले, जवायासाठी काही गोड कर.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आणि मी वाशीमला गेलो. ते दुकानात शिरले, काळीवर हात ठेवला आणि ही द्या म्हणाले. दुकानदारानं सवयीनं स्टूल पुढं केलं. भाऊजी बसले नाहीत, त्यांनी कॅरेज दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, त्यावर मला बसायला लावलं, आणि अजून एक जास्तीचा टेकू लावून घेतला. हिरवीकडे त्यांनी पाहिलंच नाही. दुकानदाराला त्या दिवशी धंदा झाल्याचा आनंद झालेला दिसला नाही. आता येत राहाल ना, असं तो दोनदा म्हणाला.

गावात सायकल आली त्या दिवशी भाऊजींनी एक गोष्ट त्यांच्या स्वभावाला न शोभणारी केली. ते भिडस्त माणूस, चारचौघांत बोलणं त्यांना जमत नसे. त्यांनी कॅरेजवर पोतं घडी करून टाकलं, बाबांना बसवलं, धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून कंबरेला खोचून दिला, आणि वावराकडे जाणारी वाट सोडून मुद्दाम पाराकडे सायकल घेतली. मी मागून चालत होतो. पारावर नेहमीची मंडळी होती, ते चुलतेही होते. भाऊजींनी घंटी वाजवली, सायकल थांबवली आणि कुणी विचारायच्या आत मोठ्यानं सांगितलं, की मले हेच पाह्यजे होती, मामाजीनं मागतल्याबरोबर देल्ली, उशीर माहा होता. बाबा मागं बसून समोर बघत होते. त्यांची मान इतकी ताठ मी पूर्वी पाहिली नव्हती आणि त्यात पडायच्या भीतीचाही वाटा होता. सायकल पाराच्या पुढं निघाली तसे ते भाऊजींच्या पाठीला म्हणाले, "भारी घेतली असती तं मी कुठी बसलो असतो?" भाऊजींनी वळून पाहिलं नाही. नाला आला होता, तिथं जपून उतरावं लागे.

त्यानंतर दर रविवारी, आणि फेरी आमच्या बाजूला असेल त्या दिवशीही, भाऊजी बाबांना वावरात नेऊ लागले. बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सगळी पट्टी नजरेखालून घालत, चार बोंडं फोडून पाहत आणि परत येताना सारी वाट बोलत असत. आयुष्यात बेताचं बोललेला हा माणूस त्या कॅरेजवर इतकं बोलायचा की भाऊजींना वाटेत कुणाला रामराम घालायला उसंत मिळत नसे. असे दोन कापूस बाबांनी पाहिले. तिसरा पेरला तेव्हा ते नव्हते.

भाऊजी अजूनही तसेच आहेत. परवा चप्पल घ्यायला गेले आणि अनवाणी परत आले, कारण जुनी दुकानातच विसरले आणि नवी ठरली नाही. आम्ही सगळे त्यांच्यावर हसतो आणि तेही हसतात. पण ते आमच्या दारात सायकलवरून उतरतात तेव्हा मी तिथं असलो तर दुसरीकडे बघतो. एकटा माणूस सायकलवरून उतरताना पाय मागून फिरवून काढतो. मागं कुणी बसलेलं असलं की तसं करता येत नाही, त्याला लाथ बसेल म्हणून पाय आखडून पुढून, डंड्यावरून काढावा लागतो. कॅरेज कधीचं रिकामं आहे. भाऊजी अजून पाय पुढूनच काढतात.